आफ्रिका काढू या: कोऱ्या कागदावर वनस्पती प्रदेशांचा नकाशा

टेबलावरचा पसारा आवरा, चहाचा कप हात लागणार नाही इतका लांब ठेवा आणि बसा. आज आपल्याला आफ्रिका खंडाच्या नैसर्गिक वनस्पतींचा नकाशा काढायचा आहे, तोही कोऱ्या कागदापासून. चित्रकला येत नाही ही सबब चालणार नाही. पट्टीवरचे मिलिमीटर वाचता आले की झालं. बाह्यरेषा आणि सीमा एका बैठकीत उरकतात, रंग दुसऱ्या दिवशी. अट एकच: क्रम मोडायचा नाही. रंगपेटी आधी उघडली की हात आपोआप आडवे पट्टे मारत सुटतो आणि काँगोचं जंगल थेट सोमालियाच्या किनाऱ्याला जाऊन भिडतं. खरी आफ्रिका तशी नाही. म्हणून पेटी सध्या खुर्चीखाली.

आधी हे जमवा

ए-थ्री आकाराचा जाडसर ड्रॉइंग पेपर, २एच आणि एचबी पेन्सिल, ३० सेंमीची पट्टी, गुण्या, मऊ खोडरबर, बारीक टोकाचं काळं पेन, बारा रंगांच्या पेन्सिलींची पेटी आणि एक शालेय अ‍ॅटलास. त्या अ‍ॅटलासात आफ्रिकेचे दोन नकाशे हवेत, प्राकृतिक रचनेचा आणि वार्षिक पावसाचा. वनस्पतींचा तयार नकाशाही त्यात असेल. ते पान मिटून ठेवा. त्याची गरज अगदी शेवटी लागेल.

चौकट आणि जाळी

१. कागद उभा ठेवून चारही कोपरे कागदी चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा. पारदर्शक चिकटपट्टी नको, काढताना कोपरा सोलून निघतो.

२. वर ४ सेंमी जागा शीर्षकासाठी सोडून २४ × २४ सेंमीचा चौरस आखा. डावी-उजवीकडे साधारण २.८ सेंमी उरतील आणि खाली १४ सेंमी; ती सूचीची जागा. वरची आणि खालची बाजू दोन्ही मोजून पाहा. एक २४ आणि दुसरी २४.३ भरली तर पुढचं सगळं तिरकं जाईल.

३. चारही बाजूंवर दर ३ सेंमीला बारीक खूण करा.

४. समोरासमोरच्या खुणा २एच पेन्सिलने जोडा. चौसष्ट घरं तयार होतील. हात हलका ठेवा: रेघ कागदात रुतली तर पुसूनही जात नाही आणि रंगाखालून पांढरी दिसत राहते.

५. मधल्या आडव्या रेघेवर ० लिहा. हे विषुववृत्त. तिथून वर जाताना १०, २०, ३०, ४० उत्तर आणि खाली उतरताना १०, २०, ३०, ४० दक्षिण.

६. आता उभ्या रेघा. डावी कड २० पश्चिम, मग १० पश्चिम, मग ०, आणि पुढे १०, २० करत उजवी कड ६० पूर्व. सांभाळा! मधल्या उभ्या रेघेला शून्य म्हणण्याची चूक इथे हमखास होते. मधली रेघ २० पूर्व आहे, शून्याची रेघ डावीकडून ६ सेंमीवर.

७. दोन्ही २० अंशांच्या आडव्या रेघांपलीकडे साडेदहा मिलिमीटरवर तुटक रेघ काढा. वरची कर्कवृत्त, खालची मकरवृत्त. आपल्या नकाशात एक अंश म्हणजे ३ मिलिमीटर, एवढं लक्षात ठेवा. यापुढचं सगळं मोजमाप याच हिशेबाने चालेल.

बाह्यरेषा

छापील नकाशावरून ट्रेस करायचा मोह होईल. करू नका. बिंदू मांडून काढलेला किनारा डोळ्यांत बसतो आणि पुढे सीमा आखताना फार उपयोगी पडतो. खाली प्रत्येक ठिकाणाचे आधी अक्षांश, मग रेखांश दिले आहेत.

८. उत्तर किनाऱ्याचे बिंदू मांडा: टँजियर (३६ उ, ६ प), ट्युनिशियाचं वरचं टोक (३७ उ, १० पू), गॅबेसचं आखात (३४ उ, १० पू), सिर्तेच्या आखाताचा तळ (३० उ, १९ पू), बेंगाझीच्या पुढचा फुगवटा (३३ उ, २२ पू), अलेक्झांड्रिया (३१ उ, ३० पू), पोर्ट सैद (३१ उ, ३२ पू).

९. हे बिंदू जोडा. सिर्तेची खोल खाच आणि तिच्या पुढचा फुगवटा सरळ करून टाकू नका. त्या फुगवट्यावर नंतर एक छोटा पण महत्त्वाचा रंग यायचा आहे.

१०. पूर्व किनारा मांडा: सुएझ (३० उ, ३२.५ पू), पोर्ट सुदान (२० उ, ३७ पू), बाब-अल-मांदेब (१२.५ उ, ४३ पू), बर्बेरा (१०.५ उ, ४५ पू), ग्वार्दाफुई भूशिर (१२ उ, ५१ पू), मोगादिशू (२ उ, ४५ पू), विषुववृत्तावर ४२.५ पू, मोंबासा (४ द, ४० पू), दार-ए-सलाम (७ द, ३९ पू), मोझांबिकचा पुढे आलेला भाग (१५ द, ४१ पू), बैरा (२० द, ३५ पू), मापुटो (२६ द, ३३ पू), डर्बन (३० द, ३१ पू).

११. जोडा. बाब-अल-मांदेबहून रेघ थेट ग्वार्दाफुईला न्यायची नाही. ती आधी बर्बेराकडे खाली वळते, मग शिंगाच्या टोकाकडे वर चढते.

१२. दक्षिण आणि नैर्ऋत्य किनारा मांडा: अगुल्हास भूशिर (३५ द, २० पू), केप टाउन (३४ द, १८ पू), ऑरेंज नदीचं मुख (२८.५ द, १६.५ पू), वॉल्व्हिस बे (२३ द, १४.५ पू), कुनेने नदीचं मुख (१७ द, १२ पू), लुआंडा (९ द, १३ पू), काँगो नदीचं मुख (६ द, १२ पू), विषुववृत्तावर ९.५ पू.

१३. डर्बनपासून सुरुवात करून हेही जोडून घ्या.

१४. पश्चिमेचा फुगवटा मांडा: दुआला (४ उ, १० पू), नायजरचा त्रिभुज प्रदेश (४ उ, ६ पू), लागोस (६ उ, ३ पू), अक्रा (५.५ उ, ०), पाल्मास भूशिर (४ उ, ८ प), फ्रीटाउन (८.५ उ, १३ प), डाकार (१५ उ, १७.५ प), नुआधिबू (२१ उ, १७ प), तरफाया (२८ उ, १३ प), अगादिर (३० उ, १० प).

१५. जोडत जोडत टँजियरला परत या. दुआला ते पाल्मास हा किनारा ४ ते ६ उत्तरेच्या मध्येच राहतो. तो विषुववृत्ताला टेकला असेल तर खोडा आणि वर घ्या.

१६. मादागास्कर: उत्तर टोक (१२ द, ४९ पू), ईशान्येचा फुगवटा (१५.५ द, ५०.५ पू), दक्षिण टोक (२५.५ द, ४५ पू), पश्चिम किनारा (२२ द, ४३ पू आणि १६ द, ४४.५ पू). बेट छोटं म्हणून गाळायचं नाही. एवढ्याशा जागेत त्याला पाच वेगवेगळ्या खुणा लागतात.

१७. किनारा एचबी पेन्सिलने ठळक करा. काळं पेन अजून नाही.

पाणी आणि डोंगर

१८. व्हिक्टोरिया सरोवर काढा (१ द, ३३ पू), विषुववृत्ताला चिकटून, सुमारे ८ मिलिमीटरचं. मग टांगानिका (साडेतीन ते नऊ द, ३० पू) आणि मलावी (साडेनऊ ते चौदा द, ३४.५ पू) या दोन उभ्या चिरा. चाड (१३ उ, १४ पू) फक्त ठिपक्याएवढं ठेवा; जुन्या अ‍ॅटलासात ते ऐसपैस दिसतं, पण १९६०च्या दशकापासून ते फार आक्रसलं आहे.

१९. नाईल काढा: व्हिक्टोरियापासून खार्टूम (१५.५ उ, ३२.५ पू) आणि तिथून कैरो (३० उ, ३१ पू). खार्टूमच्या वर सुदानात तिचं मोठं वळण आहे. सरळ रेघ मारून मोकळे होऊ नका.

२०. काँगो काढा. किसांगानीपासून (०.५ उ, २५ पू) उत्तरेकडून कमान घेऊन किन्शासा (४ द, १५ पू) आणि समुद्र. ही नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते. पहिल्यांदा ती ते किसांगानीच्या आधीच ओलांडते, म्हणून तुमच्या रेघेने ते एकदाच ओलांडलं का, पाहा.

२१. नायजर, झांबेझी आणि ऑरेंज या तीन नद्या अ‍ॅटलासातून पाहून काढा. नायजरचं वरचं वळण टिंबक्टूपाशी (१७ उ, ३ प) आलं पाहिजे.

२२. डोंगरांना छोट्या त्रिकोणांच्या खुणा करा: अ‍ॅटलासची रांग मोरोक्कोपासून ट्युनिशियापर्यंत, इथिओपियाचा उंच प्रदेश (६ ते १४ उ, ३६ ते ४० पू), माउंट केनिया (०, ३७ पू), किलिमांजारो (३ द, ३७ पू), रुवेन्झोरी (०, ३० पू), ड्रॅकेन्सबर्ग (२९ द, २९ पू), सहारात अहागार (२३ उ, ६ पू) आणि तिबेस्ती (२१ उ, १८ पू).

सीमा: खरं काम इथे आहे

इथून पुढे घाई नको. आजची शेतं, शहरं, कोकोचे मळे विसरा. माणसाने हात लावला नसता तर तिथे काय उगवलं असतं, तेवढंच मांडायचं. प्रत्येक प्रदेशात पेन्सिलने एक आकडा लिहीत चला, म्हणजे उद्या रंग देताना गोंधळ होणार नाही.

२३. पावसाच्या नकाशातून २५०, ५००, १००० आणि १५०० मिमीच्या रेषा फिकट तुटक रेघांनी उतरवून घ्या. तुमच्या अ‍ॅटलासात आकडे थोडे वेगळे असतील तर जवळचे घ्या. या रेषा म्हणजे वनस्पतींच्या सीमा नव्हेत, नुसता आधार आहे. पाऊस किती पडतो याइतकंच तो किती महिन्यांत पडतो हे इथे महत्त्वाचं. गिनीच्या आतल्या डोंगरांवर धो-धो पाऊस पडतो, पण वर्षातले कित्येक महिने कोरडे जातात. तिथे १५०० ची रेषा पाहून सदाहरित जंगल भराल तर फसाल.

२४. सदाहरित जंगलाचा पश्चिमेचा तुकडा आखा: सिएरा लिओनचा आग्नेय भाग, लायबेरिया, कोत द'इव्हारचा दक्षिण भाग, घानाचा नैर्ऋत्य कोपरा. अक्राच्या अलीकडे थांबा. आकडा १.

२५. अक्रापासून टोगो आणि बेनिनपर्यंतचा किनारा मोकळा सोडा. इथे पाऊस एकदम कमी होतो, अक्राला वर्षाला हजार मिमीही होत नाही, त्यामुळे सॅव्हाना थेट समुद्रापर्यंत उतरते. दोन्ही जंगलं जोडून टाकण्याची चूक छापील नकाशांतही दिसते. तुम्ही करू नका.

२६. जंगलाचा मोठा तुकडा आखा: दक्षिण नायजेरियाची किनारपट्टी, दक्षिण कॅमेरून, गॅबन, काँगो आणि काँगोचं सगळं खोरं. वरची सीमा काँगोत साधारण ४ उत्तर, खालची ४ ते ५ दक्षिण. यालाही १.

२७. हा तुकडा पूर्वेला ३० पूर्व रेषेच्या आत मिटवा. संपूर्ण नकाशात मी एकच पायरी ओरडून सांगेन तर ही. विषुववृत्त पुढे युगांडा आणि केनियातून समुद्रापर्यंत जातं, जंगल मात्र काँगोच्या पूर्वेकडच्या डोंगरांपाशी आटोपतं. पुढे केनियात व्हिक्टोरियाच्या बाजूला त्याचे तुरळक तुकडे आहेत, पण या प्रमाणावर ते दाखवता येत नाहीत.

२८. सहाराची दक्षिण सीमा १७ ते १८ उत्तरेच्या दरम्यान, अटलांटिकपासून तांबड्या समुद्रापर्यंत किंचित वळत्या रेघेने आखा.

२९. सहाराची उत्तर सीमा आखा. मोरोक्को आणि आल्जीरियात ती अ‍ॅटलासच्या पायथ्याशी ३२-३३ उत्तरेला थांबते. लिबियात आणि इजिप्तमध्ये वाळवंट जवळजवळ समुद्रालाच टेकतं. आतल्या सगळ्या भागाला ५.

३०. साहेल आखा: सहाराच्या खाली १३ उत्तरेपर्यंतचा पट्टा, सेनेगलपासून सुदानपर्यंत. पाऊस साधारण २०० ते ६०० मिमी. बाभळीच्या भावकीतली काटेरी झाडं आणि आखूड गवत. सुदानातला डिंक याच पट्ट्यातला. आकडा ४.

३१. साहेल आणि जंगल यांच्यामध्ये उरलेली जागा १० ते ११ उत्तरेच्या आसपास आडवी दुभागा. वरच्या भागाला ३, हा गवत जास्त आणि झाडं कमी असलेला सॅव्हाना. खालच्या भागाला २, हे पानझडी विरळ वन, उंच गवतासकट. आपल्याकडे गोठ्यासाठी लावतात ते हत्तीगवत मूळचं आफ्रिकेच्या याच दमट गवताळ मुलखातलं.

३२. आता ३ चा पट्टा पूर्वेला दक्षिण सुदानातून खाली वळवा: युगांडा, पश्चिम केनिया, उत्तर टांझानिया. २ चा पट्टाही असाच जंगलाच्या कडेने वळतो, पण युगांडापाशी तो अगदी अरुंद होतो. या दोन्ही पट्ट्यांनी जंगलाला घोड्याच्या नालेसारखं तीन बाजूंनी वेढायला हवं, नालेचं तोंड अटलांटिककडे. तुमचे पट्टे वळत नसतील आणि नुसते आडवे धावत असतील, तर पायरी २७ पुन्हा वाचा.

३३. आफ्रिकेचं शिंग आखा: सोमालिया, पूर्व इथिओपिया, उत्तर आणि पूर्व केनिया. ऊद आणि बोळ देणारी झाडं याच कोरड्या रानात. आकडा ४. विषुववृत्तावर काटेरी झुडपं दाखवताना हात कचरेल. कचरू देऊ नका.

३४. शिंगाच्या वर, तांबड्या समुद्राच्या कडेला डानाकिलची छोटी पट्टी वेगळी करून तिथे ५ लिहा.

३५. दक्षिणेचं मोठं पानझडी वन आखा: अंगोलाचा आतला भाग, काँगोचं दक्षिण टोक, झांबिया, मलावी, टांझानियाचा दक्षिण-पश्चिम भाग, उत्तर मोझांबिक. याला मिओम्बो म्हणतात. साधारण ६ ते १६ दक्षिण, आकडा २. उत्तरेकडचा २ चा पट्टा पाहून याला तेवढाच अरुंद कराल. नको, हा चांगला दुप्पट रुंद आहे.

३६. त्याच्या खाली ३ लिहा: झिंबाब्वे, उत्तर बोट्स्वाना, लिंपोपोचं खोरं, दक्षिण मोझांबिक. आपली गोरखचिंच इथली मूळ रहिवासी.

३७. कलहारी आखा: मध्य आणि नैर्ऋत्य बोट्स्वाना, पूर्व नामिबिया. नावाला वाळवंट, पण जमिनीवर गवत आणि झुडपं आहेत. म्हणून ५ नव्हे, ४.

३८. ऑरेंज नदीच्या खालचा कारू हा खुरट्या, मांसल पानांच्या झुडपांचा प्रदेश ४ मध्येच सामील करा.

३९. नामिब आखा: अंगोलाच्या १५ दक्षिणेपासून ऑरेंजच्या मुखापर्यंत किनाऱ्याची पट्टी. रुंदी ३ ते ४ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. आकडा ५.

४०. व्हेल्ड आखा: जोहान्सबर्गपासून लेसोथोपर्यंतचं उंच पठार, २६ ते ३१ दक्षिण आणि २६ ते ३० पूर्व. पाऊस बरा, तरी झाडं नाहीत. थंडीतलं दहिवर आणि वणवे त्यांना वर येऊ देत नाहीत. आकडा ६.

४१. भूमध्य सागरी वनस्पती आखा: मोरोक्को, आल्जीरिया आणि ट्युनिशियाची उत्तर पट्टी, ३ ते ५ मिलिमीटर रुंद. ऑलिव्ह, बुचाचा ओक, उंचावर सीडार. आकडा ७. पायरी ९ मधला लिबियाचा फुगवटा आठवतो? तिथेही एक छोटा ७.

४२. आल्जीरियात ही पट्टी आणि सहारा यांच्यामध्ये उंच पठारावर आल्फा गवत वाढतं. तिथे ४ लिहा.

४३. केपचा कोपरा आखा: केप टाउनपासून पोर्ट एलिझाबेथपर्यंत (३४ द, २५.५ पू) किनाऱ्यालगत, ३ ते ५ मिलिमीटर. पुष्कळ नकाशांत याला वरच्या भूमध्य सागरी पट्टीचाच रंग देतात, कारण दोन्हीकडे पाऊस हिवाळ्यात येतो. मी वेगळा देते. इथे प्रोटिया आणि एरिकाची झुडपं आहेत, ऑलिव्ह-ओकशी त्यांचं काही नातं नाही. आकडा ८.

४४. पर्वतीय वनस्पती आखा: इथिओपियाचा उंच भाग सलग, बाकी माउंट केनिया (५१९९ मी), किलिमांजारो (५८९५ मी) आणि रुवेन्झोरी (५१०९ मी) यांचे २-३ मिलिमीटरचे ठिपके. पायथ्याला जंगल, वर बांबू, त्यावर माणसापेक्षा उंच लोबेलिया असे थर आहेत, पण आपल्या प्रमाणावर ते मावत नाहीत. एकच आकडा ९.

४५. दलदली दाखवा: दक्षिण सुदानातला सड (७ ते ९ उ, ३० ते ३१ पू) आणि ओकावांगो (१९ द, २३ पू). आकडा १०.

४६. खारफुटीच्या जागांवर खूण करा: नायजरचा त्रिभुज प्रदेश, गिनी ते सिएरा लिओनचा किनारा, टांझानियात रुफिजीचं मुख, झांबेझीचं मुख, मादागास्करचा पश्चिम किनारा. आकडा ११. सगळ्या किनाऱ्याला खारफुटी लावत सुटू नका. कोकणात खाडीच्या तोंडाशी तिवरं शोधावीत, तसंच इथेही गाळाची मुखं शोधा.

४७. मादागास्कर उभं चिरा. पूर्वेची अरुंद पट्टी १, मधलं पठार ३, पश्चिमेचा पानझडी भाग २, आणि अगदी खालचं टोक ४. गोरखचिंचेच्या सहा जाती फक्त या बेटावरच्या, त्यामुळे २ चा भाग नीट जागा देऊन आखा.

रंगाआधीची तपासणी

४८. २० पूर्वेच्या रेघेवर बोट ठेवून वरून खाली या. ती बेंगाझीपाशी किनाऱ्याला लागते आणि अगुल्हास भूशिराशी समुद्रात उतरते. वाटेत हे आकडे याच क्रमाने यायला हवेत: ५, ४, ३, २, १, २, ३, ४, ८. बेंगाझीपाशी आरंभी ७ ची कड लागली तरी चालेल. मधलाच एखादा आकडा गळला असेल तर तिथली सीमा चुकली.

४९. आता विषुववृत्तावरून डावीकडून उजवीकडे या: १, मग रुवेन्झोरीचा ९, थोडा ३, व्हिक्टोरियाचं पाणी, पुन्हा ३, माउंट केनियाचा ९, शेवटी ४.

५०. आता अ‍ॅटलासातलं मिटलेलं पान उघडा आणि ताडून पाहा. आणखी बारकावा हवा असेल तर युनेस्कोने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला फ्रँक व्हाइट यांचा आफ्रिकेचा वनस्पती नकाशा शोधा. त्याचं प्रमाण १ : ५०,००,००० आहे, म्हणजे आपल्यापेक्षा सातपट मोठं. त्यातला प्रत्येक तुकडा आपल्या कागदावर आणायचा नाही. मिलिमीटरपेक्षा लहान ते सोडून द्या.

रंग

५१. जाळी आणि पावसाच्या रेषा पुसा. विषुववृत्त आणि दोन्ही तुटक वृत्तं ठेवा.

५२. खाली सूचीचे अकरा चौकोन आधी काढा आणि रंग प्रथम तिथे लावून बघा. १ हिरवा, २ पोपटी, ३ पिवळा, ४ केशरी, ५ नुसते तपकिरी ठिपके, ६ गुलाबी, ७ जांभळा, ८ लाल, ९ सलग तपकिरी, १० आकाशी आडव्या रेघा, ११ आकाशी उभ्या रेघा. वाळवंट पूर्ण रंगवायचं नाही. सहारा एवढा मोठा आहे की रंग भरलात तर तोच नकाशा गिळून टाकतो.

५३. पिवळा सगळ्यात आधी भरा. गडद रंगानंतर पिवळा घेतला की त्याचं टोक हिरवट होतं आणि पुढचा सगळा सॅव्हाना मळतो.

५४. मग केशरी, पोपटी, गुलाबी. तळहाताखाली कोरा कागद ठेवा.

५५. २ आणि ३ च्या मधली, तसंच ३ आणि ४ च्या मधली सीमा दोन-तीन मिलिमीटर एकमेकींत मिसळू द्या. तिथे प्रत्यक्षात रेषा नाहीच; झाडं हळूहळू विरळ होत जातात. अ‍ॅटलासच्या दक्षिण उताराजवळ मात्र कड स्पष्ट ठेवा.

५६. हिरवा, जांभळा, लाल, तपकिरी भरा. लाल आणि जांभळ्याचे तुकडे लहान आहेत, पेन्सिलला टोक करून घ्या.

५७. ठिपके द्या. दाट, सारखे, आणि नाईलच्या काठाला न शिवणारे. अस्वानपासून कैरोपर्यंत नदीच्या दोन्ही बाजूंना पोपटी रंगाची अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढा. प्रमाणाप्रमाणे ती आणखी बारीक हवी, पण मग दिसणारच नाही.

५८. शेवटी आकाशी रेघा, आणि नद्या-सरोवरांना निळा.

शेवटचा हात

५९. किनारा आणि नद्यांची नावं काळ्या पेनने काढा. सीमांवर पेन फिरवू नका. पायरी ५५ ची सगळी मेहनत वाया जाईल.

६०. पेन्सिलीचे आकडे पुसा. रंगाखाली गेलेले पुसायला जाऊ नका, रंग फासला जातो.

६१. वर शीर्षक लिहा: आफ्रिका, नैसर्गिक वनस्पती. 'नैसर्गिक' शब्द गाळू नका, नाहीतर नाईलकाठची शेतं कुठे गेली म्हणून कोणीतरी विचारेलच.

६२. उत्तर दिशेचा बाण काढा.

६३. खाली २.७ सेंमीची पट्टी काढून तिच्यावर १००० किमी लिहा आणि शेजारी 'विषुववृत्तावर' असं नोंदवा. कैरो किंवा केप टाउनजवळ पूर्व-पश्चिम अंतरं या जाळीत ताणली जातात, त्यामुळे जंगल किती आणि वाळवंट किती असं क्षेत्रफळ या कागदावर मोजू नका.

६४. चिकटपट्टी कागदाला समांतर ओढून काढा. घडी घालू नका, रंग घडीवर तडकतो. गुंडाळी करून रबर लावा, रंगाची बाजू आतून.